बदलता प्रतिस्पर्धी आणि मल्लाचे डावपेच : खाशाबा जाधव यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
तलवारबाजी, मुष्टियुद्ध, ज्युदो, कुस्ती या द्वंद्वात्मक क्रीडाप्रकारांत खेळाडूचे कौशल्य प्रतिस्पर्ध्याशिवाय सिद्ध होत नाही. सरावात पक्का झालेला डाव समोरची व्यक्ती बदलताच निष्प्रभ ठरू शकतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरातील तालमी बहरल्या व १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. याच वातावरणात वाढलेले, राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या दोन ऑलिंपिक स्पर्धांच्या आधारे डावपेचांतील बदलाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

मैदानी कुस्ती व स्पर्धात्मक कुस्ती :
मैदानी कुस्तीत जोड आधी ठरते. प्रतिस्पर्ध्याचे वजन, वस्ताद, आवडता डाव यांची माहिती मल्लाला पूर्वीच मिळालेली असते. निकाल चितपटीवर लागतो. त्यामुळे खडाखडीत वेळ घेऊन समोरच्याचा दम काढणे ही मान्य नीती ठरते. स्पर्धेत मात्र सोडतीनुसार अपरिचित मल्ल एकामागून एक समोर येतात. वेळ मर्यादित असते आणि चितपट न झाल्यास पंचांचा कौल निर्णायक ठरतो. मैदानात एका कुस्तीसाठी सर्व शक्ती खर्च करता येते. स्पर्धेत ती पुढील लढतींसाठी राखावी लागते.

लंडन, १९४८ :
कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने खाशाबा लंडनला गेले. तेथे त्यांच्यापुढील पहिला प्रश्न मॅटचा होता. मातीत पाय रुततो, पकडीला अवधी मिळतो. मॅटवर हालचाल वेगवान होते व तोल सावरण्यास क्षणभरच मिळतो. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना त्यांनी काही मिनिटांतच हरविले. परंतु इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून पराभूत झाल्याने त्यांना फ्लायवेट गटात सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. मातीतील कौशल्य मॅटवर उपयोगी पडते, मात्र त्याची पुनर्रचना करावी लागते, हा या स्पर्धेचा अर्थ होय.

डावाची निवड :
खाशाबांचा ढाक हा डाव विशेष गाजला. प्रतिस्पर्ध्याला जवळ ओढून कमरेवरून फेकणे हे त्याचे स्वरूप. जो मल्ल अंगावर चाल करून येतो, त्याच्याच जोराचा येथे उपयोग होतो. पण अंतर राखून खाली वाकणाऱ्या मल्लावर ढाक सहज लागत नाही. त्याला आधी हुलकावणी देऊन उभे करावे लागते किंवा एकेरी पटाकडे वळावे लागते. उंच मल्लाच्या पायांवर हल्ला सोयीचा, तर ठेंगण्या व भक्कम मल्लाचा तोल मान व हात ओढून आधी बिघडवावा लागतो. म्हणजेच डाव बदलण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचे वाचन आवश्यक असते. त्याचा पुढचा पाय कोणता, पकड कोणत्या हाताची, दम कधी लागतो, या गोष्टी लढतीच्या आरंभीच टिपाव्या लागतात.

हेलसिंकी, १९५२ :
या वेळी खाशाबा ५७ किलो वजनगटात उतरले. प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांवर खाशाबांनी विजय मिळविला. पुढे जपानचे शोहाची इशिई यांच्याशी झालेली लढत दीर्घ व दमछाक करणारी ठरली. इशिई मूळचे ज्युदोपटू असल्याने पकड व फेक हे त्यांचेही बलस्थान होते. या पराभवानंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याविरुद्ध खाशाबांना उतरावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळावयास हवी होती. परंतु तो मुद्दा मांडण्यास भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता. इशिई यांना सुवर्ण व मामेदबेकोव्ह यांना रौप्यपदक मिळाले. थकलेल्या मल्लाला डाव सुचला तरी तो अंमलात आणण्याचे बळ उरत नाही. त्यामुळे नियमांचे ज्ञान व विश्रांतीचे नियोजन हेही डावपेचांचेच अंग ठरते.

सद्यःस्थिती :
आज फ्रीस्टाइल लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन सत्रांत होते आणि दहा गुणांची आघाडी घेताच ती संपते. निष्क्रिय ठरविलेल्या मल्लाने तीस सेकंदांत गुण न मिळविल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. प्रदीर्घ खडाखडीला त्यामुळे वाव उरलेला नाही. कुस्तीत भारताला पुढचे ऑलिंपिक पदक २००८ मध्ये, सुशीलकुमार यांच्या रूपाने मिळाले. मधल्या छप्पन्न वर्षांत कोल्हापूरच्या मातीत बलदंड मल्लांची वाण नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष :
तालमीतील वस्ताद प्रतिस्पर्धी ओळखण्याची दृष्टी देतात. ती परंपरा मौलिक आहे. तिला मॅटवरील सराव, भिन्न शैलीच्या जोडीदारांशी लढती, नियमांचा अभ्यास व सलग लढतींची सवय यांची जोड आवश्यक आहे. महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण विभागांनी ही जबाबदारी स्वीकारणे उचित ठरेल. खाशाबांच्या यशामागे तालीम व महाविद्यालय या दोन्ही संस्था उभ्या होत्या, हे विसरता येत नाही.