परवाना मुकादमाला, पास मजुराला

21 नोव्हेंबर 2025 ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा गेला. बीड जिल्ह्यात कुणी हळहळलं नाही. हयातीत तरी तो इथे कुणाला भेटला होता?

पाच किंवा अधिक मजूर परराज्यात नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटोचं पासबुक, वर अर्ध्या महिन्याच्या मजुरीइतका विस्थापन भत्ता, असं त्यात लिहिलं होतं. धारूर-वडवणीच्या ऊसतोड टोळ्या मात्र त्यांना नेणाऱ्या ठेकेदाराच्या, म्हणजे मुकादमाच्या, वहीवरच बेळगाव-बागलकोट गाठत राहिल्या. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती, खाडे किती, फिटले किती, सगळं त्याच्याच अक्षरात. पहिली तीस वर्षं अशीच सरली. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सलतं ते पुढचं दशक. 2012-13 च्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, माणसं फडात. 3 जून 2014 ला ऊसतोड मजुरांचे नेते गोपीनाथ मुंडे गेले. साखर संघापुढे बसून दर वाढवून घेण्याची धमक त्यांच्यात होती. पण आमचे संप गाजले ते दरासाठी आणि मुकादमाच्या कमिशनसाठी. पासबुकासाठी कोयता खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. पुढे मुंडेंच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ जाहीर झालं, पुण्यात त्याचं कार्यालय उघडायला 2022 उजाडलं.

दरम्यान 2019 मध्ये 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की दंड, हा हिशेब कुठल्या पासबुकात येणार होता? आठ दिवस कॅमेरे आले, मग फडात पुन्हा आम्हीच उरलो.

आणि एप्रिल 2020. टाळेबंदीत अडकलेल्या 1 लाख 31 हजार ऊसतोड मजुरांना गावी परतायची मुभा मिळाली, पण तपासणी आणि परवानगीच्या कागदासह. एरवी टोळी हद्द ओलांडते तेव्हा मुकादमाला परवाना न विचारणाऱ्या सरकारने मजुराला कागद मागितला, तोही स्वतःच्या घरी यायला.

नव्या संहितेत विस्थापन भत्ता उरलेला नाही. प्रवासखर्च आहे, पण आंतरराज्य मजुरांची गणती पाचाऐवजी दहापासून. ठेकेदाराचा परवाना तर पन्नास मजुरांपासून पुढे. म्हणजे वीस कोयते (एक कोयता म्हणजे एक जोडी), चाळीस माणसं नेणारा मुकादम आता कायद्यानेच परवान्यातून मोकळा. जुना कायदा कुणी पाळत नव्हतं हे खरंच. पण तो मोडला म्हणून तक्रार तरी करता येत होती.