बुद्ध्यंक मोजण्याआधी

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बिहारहून आलेल्या कामगाराच्या मुलाला मराठीतून प्रश्न विचारले, तर मोजली जाते ती बुद्धी की मराठी? चाचणी मुलाच्या भाषेत हवी; बिनेची १९०५ची पॅरिसमधली बुद्धिचाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३४मध्ये मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मात्र बुद्ध्यंक ७०च्या खाली आला, एवढ्यावर बौद्धिक दिव्यांगत्व ठरत नाही, ठरवूही नये. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतं का, हे आईवडिलांना विचारतात; त्यासाठीच्या व्हाइनलँड मोजपट्टीला भारतीय रूप दिलं नागपूरच्या मॅलिन यांनी. बुद्धीत आणि अशा रोजच्या व्यवहारात मागे असणं लहानपणापासूनचं असावं लागतं. आणि चाचणीआधी कान तपासून घ्यावेत. ऐकू न येणारं मूलही ‘मंद’ वाटतं.