अनुराधपूर

श्रीलंकेची प्राचीन राजधानी आणि बौद्धांचे एक प्रमुख पवित्र क्षेत्र. हे कोलंबोच्या उत्तरेस सु. २०० किमी. अंतरावर मल्वतु ओया (प्राचीन कदंब नदी) या नदीकाठी वसले असून देशाच्या उत्तर-मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण आहे. इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. अकराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत, मधले काही खंड वगळता, सिंहली राजसत्तेचे केंद्र येथेच होते. १९८२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. उत्खनित अवशेषांचे नगर आणि नित्य पूजेचे नगर अशी दोन नगरे येथे एकाच आवारात नांदतात. त्यांपैकी एकच पाहून परतणाऱ्या प्रवाशास अनुराधपूर अर्धेच कळते.

महावंस या पाली ग्रंथानुसार पांडुकाभय राजाने हे नगर वसविले आणि अनुराध नावाच्या दोन व्यक्तींच्या वास्तव्यावरून, तसेच अनुराधा नक्षत्रावरून त्यास हे नाव मिळाले. तथापि नगरकोटाच्या भागातील उत्खननांवरून येथील वस्ती इ. स. पू. नवव्या शतकाच्या सुमाराइतकी जुनी असल्याचे दिसून आले आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात देवानंपिय तिस्स राजाच्या कारकीर्दीत अशोकाचा पुत्र महेंद्र (महिंद) याने बौद्ध धर्म येथे आणला. पाठोपाठ संघमित्रेने बोधगयेच्या बोधिवृक्षाची शाखा आणून राजाच्या महामेघवन उद्यानात लावली. ९९३ च्या सुमारास राजराज चोलाच्या सैन्याने नगर उद्‌ध्वस्त केले आणि पुढे राजधानी पोलोन्नरुव येथे गेली. तलाव व कालवे नादुरुस्त झाले, रान माजले. बोधिवृक्षाची सेवा मात्र कधी खंडित झाली नाही, असे परंपरा सांगते. १८९० मध्ये पुरातत्त्व आयुक्त एच्. सी. पी. बेल यांनी येथूनच आपल्या कार्यास प्रारंभ केला.

हा प्रदेश कोरड्या हवामानाचा आहे. पाऊस मुख्यत्वे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पडतो आणि पुढे अनेक महिने जमीन तापलेली असते. एवढे मोठे नगर येथे टिकले ते केवळ पाणी साठविण्याच्या कलेमुळे. बसवक्कुळम, तिस्स वेव व नुवर वेव या तीन तलावांनी नगरास वेढले आहे. पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेल्या कला वेव तलावातून निघालेला सु. ८७ किमी. लांबीचा कालवा तिस्स वेवस पाणी पुरवी. त्याच्या काही भागात उतार दर किमी.स केवळ सु. १० सेंमी. इतका अल्प आहे. बांधाच्या आतील बाजूस दगडी विहिरीसारखा हौद बांधून पाण्याचा जोर आवरण्याची युक्तीही या अभियंत्यांना अवगत होती. स्तूप पाहण्यापूर्वी तिस्स वेवच्या बांधावर चढून पाहणे इष्ट. नगराची रचना तेथूनच नीट उमगते.

नगरकोटाभोवती विहारांचा विस्तीर्ण पट्टा आहे. सर्वांत जुना महाविहार थेरवादाचे पीठ होता. पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग हा ग्रंथ तेथेच रचला. (मराठी वाचकांस या ग्रंथाचे नाव धर्मानंद कोसंबी यांच्यामुळे परिचित आहे, पालीच्या अध्ययनासाठी ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपी गेले आणि पुढे त्यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.) इ. स. पू. पहिल्या शतकात वट्टगामणी अभय याने अभयगिरी विहार स्थापिला. तेथे महायान विचारांनाही थारा मिळाला आणि दोन्ही विहारांतील तेढ राजकारणात उतरली. महासेन राजाने (इ. स. तिसरे-चौथे शतक) महाविहाराच्या इमारती पाडून त्यांचे साहित्य अभयगिरीस दिले आणि महाविहाराच्याच भूमीवर जेतवन विहार उभारला. जेतवनाचा विटांचा स्तूप मूळचा सु. १२२ मी. उंच होता. प्राचीन जगात गीझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडांखालोखाल उंच अशी ही वास्तू मानली जाते. तीस नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. आज त्याची उंची सु. ७१ मी. आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की हा प्रचंड ढीग भक्तीचा आहे तसाच एका कलहाचाही आहे.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी चिनी प्रवासी फाहियान येथे दोन वर्षे राहिला. अभयगिरीत पाच हजार, तर महाविहारात तीन हजार भिक्षू असल्याचे त्याने नोंदविले आहे. दंतधातूच्या मिरवणुकीचे त्याने केलेले वर्णनही मोलाचे आहे. मात्र त्याच्या वृत्तांतातील एक लहानसा प्रसंग या सर्वांहून अधिक लक्षात राहतो. मायदेश सोडून त्याला अनेक वर्षे झाली होती; सोबती कोणी मागे राहिले होते, कोणी मृत्यू पावले होते. अशात एका बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमी पंखा त्याच्या दृष्टीस पडला आणि त्याचे डोळे भरून आले.

शिल्पांपैकी अभयगिरी परिसरातील चंद्रशिला (पायऱ्यांपुढील अर्धवर्तुळाकार कोरीव शिला), जोडपुष्करिणी (कुट्टम पोकुण) आणि ध्यानस्थ समाधी-बुद्ध ही अवश्य पाहावीत. या मूर्तीचे छायाचित्र डेहराडूनच्या तुरुंगात आपल्या मेजावर असे, असे जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. इसुरुमुनिय येथील प्रेमी युगुलाचे शिल्पही प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडील तपोवनातील विहारांकडे प्रवासी सहसा फिरकत नाहीत. अरण्यवासी भिक्षूंच्या या इमारती पूर्णतः अनलंकृत आहेत. कोरीव काम आहे ते केवळ मूत्रशिलांवर. ऐश्वर्याविषयीचा आपला अनादर त्यांनी असा व्यक्त केला असावा, असे काही विद्वान मानतात.

भाविकांच्या यात्रेचा क्रम वेगळा आहे. श्रीमहाबोधी, रुवन्वेलिसाय, थूपाराम, लोहप्रासाद, अभयगिरी, जेतवन, मिरिसवेटिय व लंकाराम या आठ स्थानांस ‘अटमस्थान’ म्हणतात. पहिला मान अर्थातच बोधिवृक्षाचा. हा मूळ वृक्ष आकाराने लहान असून सर्वांत वरच्या चौथऱ्यावर सोनेरी टेकूंच्या आधाराने उभा आहे. तेथवर कोणास जाऊ देत नाहीत. गळून पडलेले पान हाती लागले तरी भाविक धन्यता मानतात. दुट्ठगामणी राजाने इ. स. पू. दुसऱ्या शतकात आरंभिलेला रुवन्वेलिसाय आज चुन्याने पांढराशुभ्र रंगविलेला आहे. विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराने त्याचे प्राचीन रूप झाकले गेले, अशी अभ्यासकांची तक्रार असते. उलट पूजास्थान भग्न ठेवणे हाच भाविकांच्या दृष्टीने अपराध होय. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जेतवनाच्या विटा उघड्या आणि रुवन्वेलिसाय शुभ्र, ही आजची स्थिती त्यातल्या त्यात सुज्ञपणाची वाटते.

इतिहासाच्या वाचनातही असेच मतभेद आहेत. दुट्ठगामणीने रणात मारलेल्या एळार या चोल राजाचे स्मारक उभारून तेथे वाद्ये बंद ठेवण्याची आज्ञा दिली, असे महावंस सांगतो. ज्या टेकाडास लोक दीर्घकाळ एळाराची समाधी म्हणत, तो वस्तुतः दक्षिण स्तूप असल्याचे मत परणविताना यांनी मांडले. शत्रूचा असा सन्मान सांगणाऱ्या या नगरात १४ मे १९८५ रोजी तमिळ वाघांच्या सशस्त्र गटाने बसस्थानकावर व श्रीमहाबोधीच्या आवारात गोळीबार केला. त्या दिवशीच्या हल्ल्यात सु. १४६ नागरिक ठार झाले. २००९ मध्ये यादवी युद्ध संपले.

कोलंबोहून रेल्वेने व बसने येथे येता येते. निवासाची सोय नदीपलीकडील नव्या शहरात व तलावांच्या परिसरात आहे. अवशेषांच्या क्षेत्रातील जुनी वस्ती विसाव्या शतकात तिकडे हलविण्यात आली. क्षेत्र विस्तीर्ण असल्याने सायकल सोयीची पडते. पूजास्थानी पादत्राणे व टोपी काढावी लागते, खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे हा अवमान समजला जातो. दुपारी फरशा पायांना चटके देतात, म्हणून स्तूपदर्शन सकाळी वा सायंकाळी करावे. ज्येष्ठ पौर्णिमेस महेंद्राच्या आगमनाप्रीत्यर्थ ‘पोसोन’चा उत्सव भरतो. शुभ्रवस्त्रधारी यात्रेकरूंची तेव्हा अलोट गर्दी होते आणि रस्तोरस्ती मोफत अन्नदान चालते. हे दृश्य पाहण्याजोगे असले, तरी शिल्पे निवांत पाहू इच्छिणाऱ्याने ते दिवस टाळावेत.

पूर्वेस सु. १३ किमी.वर मिहिंतले ही टेकडी आहे. महेंद्र व तिस्स राजा यांची पहिली भेट येथेच झाली, असे मानतात. वर जाण्यास दगडी पायऱ्या आहेत. वाटेत चौथ्या महिंद राजाचा (दहावे शतक) शिलालेख असून त्यात विहारातील सेवकांची कामे, त्यांचे वेतन व हिशेब ठेवण्याचे नियम कोरलेले आहेत. माथ्यावरील कातळावरून निरभ्र दिवशी पश्चिमेस अनुराधपूरच्या स्तूपांची शिखरे झाडीवर उठून दिसतात.