खालच्या न्यायासनाची थोरवी

‘न्यायमूर्ती’ ही उपाधी महादेव गोविंद रानडे यांच्या नावाशी इतकी एकरूप झाली आहे की, उच्च न्यायालयात ते उणीपुरी सात वर्षेच होते याचे स्मरण फारसे कोणास उरत नाही. न्या. तेलंगांच्या निधनानंतर १८९३ साली ते त्या आसनावर बसले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्याआधीची बावीस वर्षे मुख्यतः खालच्या न्यायालयांतच गेली.

१८७१ मध्ये ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश झाले. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली आणि लगेच १८७९ मध्ये धुळ्यास. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ. सरकारचा संशय इतका की धुळ्यास त्यांच्या टपालावरही नजर होती. परंतु ज्या सरकारने अविश्वास दाखविला, त्याच्याच न्यायासनावरून त्यांनी निवाड्यांत कधी कडवटपणा येऊ दिला नाही.

त्यांच्या कारकीर्दीचा खरा कस लागला तो १८८७ नंतर. १८७५ च्या सुपे येथील दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला होता. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने नुसता कर्जरोखा पाहून हुकूमनामा द्यावयाचा नव्हता. मूळ रक्कम किती, व्याज किती, जुन्या बाकीवर नवा रोखा कसा चढला, हे खणून काढावयाचे होते. हे काम नीट होते की नाही हे पाहणारे विशेष न्यायाधीश म्हणून रानडे गावोगाव फिरले, दुय्यम न्यायाधीशांचे निवाडे तपासू लागले.

मात्र ही फेरी सोलापूरच्या पूर्व हद्दीवर थांबे. पलीकडे नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव. १८५३ च्या तहाने हा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे आला होता. १८६० मध्ये तो निजामाकडे परत गेला. जमीन तीच, ज्वारी तीच, सावकाराची वहीही तीच. पण या कायद्याचे संरक्षण मात्र हद्दीच्या अलीकडेच राहिले. अलीकडचा कुणबी ‘मूळ रक्कम दाखवा’ असे कायद्याच्या बळावर म्हणू शकत होता. पलीकडच्यास तो आधार नव्हता.

आज ती हद्द उरलेली नाही. धाराशिवच्या शेतकऱ्यास तोच कायदा लागू आहे, जो पुण्याच्या नागरिकास. तरीही कागदावरचा हक्क आणि पदरात पडणारा न्याय यांतील अंतर मिटवितो तो तालुक्याच्या न्यायालयात बसलेला माणूस. पक्षकार निरक्षर असला, वकील घाईत असला, तरी रोख्यामागचा व्यवहार विचारण्याचा धीर त्याने धरला पाहिजे. बहुसंख्य माणसांचा न्यायाशी पहिला, आणि पुष्कळदा अखेरचाही, संबंध याच दालनात येतो. रानड्यांची थोरवी मोजताना उच्च न्यायालयाच्या सात वर्षांइतकीच ही बावीस वर्षेही मोजावी लागतील, ती यासाठी.