दम किती आहे, यापेक्षा दम परत किती लवकर येतो?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडी सोडून भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याचा परिसर ओलांडते आणि सणसरला मुक्कामी जाते. पुढच्या टप्प्यात बेलवाडीला गोल रिंगण होते. त्यामुळे बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माणसाला दमाचे दोन प्रकार वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. वारकऱ्याचा दम दिवसभर एका लयीत चालण्याचा, तर रिंगणातल्या अश्वाचा दम थोडाच वेळ पण जीव तोडून धावण्याचा.

टेनिसपटूला यातला कोणता दम लागतो? त्याला अश्वासारखे धावावे लागते, तेही एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा आणि मध्ये जेमतेम पंचवीस सेकंद थांबून. हे जमायचे असेल, तर आतून वारकऱ्याचे हृदय लागते. ‘आमच्या पोराला शेतात राबायची सवय आहे, त्याला दम कमी पडणार नाही’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे.

पंधराव्या वर्षीचा सामना

पुण्याच्या मानस धामणेचे उदाहरण पाहू. जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीच्या क्रीडानगरीत टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा झाली. त्यात मानसला थेट प्रवेश मिळाला, तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता. समोर अमेरिकेचा मायकल एममो होता, पूर्ण वाढ झालेला व्यावसायिक खेळाडू. मानस २-६, ४-६ असा हरला. दुसऱ्या सेटमध्ये त्याने दिलेली झुंज पाहून ‘भारताला नवा तारा मिळाला’ अशी चर्चा सुरू झाली. तो इटलीतल्या बोर्डिगेरा इथे रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत प्रशिक्षण घेत होता. यानिक सिनर घडला ती हीच अकादमी.

त्यानंतर लगेच मोठी विजेतेपदे आली नाहीत. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरच्या आयटीएफ स्पर्धा. त्यातले पहिले एकेरी विजेतेपद मानसला २०२५ मध्ये ट्युनिशियातल्या मोनास्तीरला मिळाले. मधल्या दोन वर्षांत ‘कुठे गेला तो मुलगा?’ असे विचारणारे कमी नव्हते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर या दोन वर्षांत फार महत्त्वाचे काम सुरू असते. हाडे, स्नायूबंध आणि हृदय प्रौढांच्या खेळाचे ओझे पेलायला तयार होत असतात.

पंचवीस सेकंदांचे गणित

टेनिसमधला एक गुण बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपतो. दोन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण अर्धा तास किंवा त्याहूनही कमी. उरलेला वेळ थांबण्याचा असतो. दोन गुणांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर दोन मिनिटे मिळतात.

सर्व्हिस, झेप किंवा एकदम दिशा बदलून धावणे यासाठी स्नायू आपल्यातच साठवलेले फॉस्फोक्रिएटिन वापरतात. हा साठा काही सेकंदांतच खाली येतो. तो निम्मा भरून यायला सुमारे अर्धे मिनिट लागते आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे. म्हणजे पंचवीस सेकंदांत टाकी पुरती भरतच नाही. प्रत्येक गुणाला खेळाडू अर्धवट भरलेल्या टाकीवर उभा राहतो.

हा साठा पुन्हा भरण्यासाठी ऑक्सिजन लागतो. ज्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते आणि ज्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते, त्याची टाकी त्याच पंचवीस सेकंदांत जास्त भरते. तिसऱ्या सेटमध्ये एकाची सर्व्हिस मंदावते आणि दुसऱ्याची टिकते, त्याचे एक मोठे कारण इथे सापडते. म्हणूनच टेनिसपटूला नुसते लांब पळणे पुरत नाही आणि नुसत्या छोट्या दौडीही पुरत नाहीत.

मनावरचा ताणही याच टाकीतून खर्च होतो. जून २०२३ मध्ये फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत कार्लोस अल्काराझ नोव्हाक जोकोविचशी बरोबरीने खेळत होता. तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच त्याच्या शरीरात जबरदस्त पेटके आले आणि उरलेले दोन्ही सेट त्याने १-६, १-६ असे गमावले. तेव्हा तो २० वर्षांचा होता आणि जगातल्या सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंमध्ये गणला जात होता. सामन्याच्या ताणामुळे पेटके आले, असे त्याने नंतर स्वतःच सांगितले.

सामन्यानंतरचा सामना

सामना जिंकला म्हणजे काम संपले, असे दौऱ्यावर होत नाही. ३२ खेळाडूंची स्पर्धा जिंकायची, तर आठवड्यात पाच सामने जिंकावे लागतात. पात्रता फेरीतून आलेल्याला त्याहून जास्त. त्यात अनेक जण दुहेरीही खेळतात.

स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा दीर्घ सामन्यानंतर पूर्ववत व्हायला पुरेसे पिष्टमय अन्न घेऊनही सुमारे चोवीस तास लागतात. जेवायला उशीर झाला, झोप कमी झाली, तर दुसऱ्या दिवशी पाय जड वाटतात. खालच्या पायरीवरच्या खेळाडूसोबत ना फिजिओ असतो, ना आहारतज्ज्ञ. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम विमानभाड्यालाही पुरत नाही. मग स्वस्त खोली शोधली जाते, मिळेल ते खाल्ले जाते आणि रात्रीच्या प्रवासात झोप जाते. पैशाची ओढाताण अशी थेट शरीरात उतरते. घरच्यांनी कर्ज काढून किंवा जमीन विकून पाठवले असेल, तर दुखत असतानाही खेळण्याचा मोह आवरत नाही.

झोपेचे महत्त्व अभ्यासातही दिसले आहे. किशोरवयीन खेळाडूंच्या २०१४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली.

वाढत्या हाडांची मर्यादा

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात, त्यांत पुरेसे खनिज नंतर भरते. हा मधला काळ नाजूक असतो. सर्व्हिस करताना कंबर मागे वाकते आणि त्याच क्षणी पिळली जाते. हे दिवसाला शेकडो वेळा घडले की कमरेच्या मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो.

ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३ अव्वल किशोरवयीन टेनिसपटूंच्या कमरेचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी कुणालाही काहीच त्रास नव्हता. तरीही २८ जणांच्या मणक्यात काही ना काही बदल आढळले. प्रत्येक बदल म्हणजे आजार नव्हे, पण दुखत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असेही नव्हे.

किती सराव योग्य, यासाठी एक सोपा अंदाज आहे. शिकागोतल्या संशोधकांनी सुमारे बाराशे मुलांचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला. आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, तर गंभीर दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला बारा तासांहून अधिक सराव नको.

टेनिसने हा धडा स्वतः महागात शिकला आहे. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली आणि काही वर्षांतच पार थकून गेली. त्यानंतर १९९५ पासून महिलांच्या टेनिसमध्ये १८ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांच्या संख्येवर वयानुसार मर्यादा आली. तरीही एखादे मोठे यश म्हणजे दौऱ्याचा दम नव्हे. एमा राडुकानूने १८ व्या वर्षी पात्रता फेरीपासून सलग दहा सामने जिंकून २०२१ ची अमेरिकन ओपन जिंकली. पुढे २०२३ मध्ये तिच्या दोन्ही मनगटांवर आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

संथ वाटेचे फळ

श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेची वाट वेगळी होती. तिने अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत महाविद्यालयीन टेनिस खेळले. तिथे प्रशिक्षक, व्यायामशाळा, आहार आणि उपचार एकाच ठिकाणी मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला. पुढचा सेट ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ जिंकून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ऋतुजा तेव्हा २७ वर्षांची होती, बोपण्णा ४३ वर्षांचा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास तपासायला हवी, ती म्हणजे हिमोग्लोबिन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. रक्त कमी म्हणजे स्नायूंना पोहोचणारा ऑक्सिजन कमी. अशी मुलगी लवकर थकते आणि ‘हिच्यात दमच नाही’ असा शिक्का बसतो, जेव्हा तिला खरी गरज तपासणीची आणि उपचाराची असते. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हेही ‘जास्त खेळते म्हणून’ असे सोडून देऊ नये. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडेही ठिसूळ होतात.

घरी काय पाहता येईल?

सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. उन्हात टेनिसपटूला तासाला एक ते अडीच लिटर घाम येऊ शकतो. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटले, तर खेळ मंदावतो. घामातून मीठही जाते, त्यामुळे लांबलेल्या सरावात केवळ साधे पाणी पीत राहणे पुरेसे नाही. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस जवळ ठेवा, सरावानंतर मीठ घातलेले ताक चालते. पारा चाळिशी गाठतो त्या दिवसांत सराव पहाटे किंवा सूर्य कलल्यावर घ्या. मूल उन्हात बरळू लागले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता आणि दवाखान्यात हलवा.

दर सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा ती काही दिवस सातत्याने जास्त येत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर शरीर सावरलेले नाही. कंबरदुखी दोन आठवडे टिकली, तर मलम चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आठवड्यात किमान एक दिवस रॅकेट हाती नको. कबड्डी, पोहणे, सायकल असे इतर खेळ चौदा-पंधरा वर्षांपर्यंत चालू राहू द्या, त्यांतून वेगवेगळे स्नायू घडतात.

क्रमवारीतला आकडा दर आठवड्याला बदलतो. हृदयाची ताकद वाढायला महिने लागतात, हाडे पक्की व्हायला वर्षे. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी कुठल्या घड्याळाकडे पाहून निर्णय घ्यायचा, यावर मूल पंचविशीत कोर्टवर असेल की उपचारांच्या रांगेत, हे बरेचसे ठरते.