भंडारदऱ्याचा वर्षभराचा बेत

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा साधारण सत्तर किलोमीटर. एवढं जवळ, म्हणून बहुतेक जण आयत्या वेळी निघतात आणि सगळे एकदमच पोचतात. जूनच्या तोंडावर काजव्यांसाठी, मग जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यांसाठी. एरवी शेंडी गावात खोली सहज मिळते. बर्फावर जगणाऱ्या गावांचंही दुखणं हेच असतं. फ्रान्समधल्या शामोनीत १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. आज ते गाव उन्हाळ्यातही डोंगर चढणाऱ्यांनी गजबजलेलं असतं. भंडारदऱ्यालाही हे जमण्यासारखं आहे, कारण इथला डोंगर दर दोन महिन्यांनी रूप पालटतो.

आमच्या घरी वर्षाचा बेत दिवाळीनंतर ठरतो. भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरतं, पण सुट्ट्या सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी बघायचं पाणी. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, साठा सुमारे अकरा टीएमसी. पावसाळ्याअखेर जलाशय तुडुंब असतो आणि मेपर्यंत काठ उघडे पडतात. भिंतीखालचा छत्री धबधबा तर मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो. म्हणून शेंडीत फोन लावला की खोलीच्या भाड्याआधी विचारायचं, ‘पाणी सोडलंय का?’

काजव्यांचा अंदाज सगळ्यात अवघड. वळवाच्या सरी पडून हवेत दमटपणा आला की ते दिसू लागतात; जोराचा पाऊस लागला की संपले. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत केव्हाही. त्यामुळे तारीख आधी पक्की करायची नाही, दोन-तीन तारखा हाताशी ठेवायच्या, आणि त्या आठवड्याच्या मधल्या. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते उतरतात. एका फांदीवर चमचम सुरू होते, शेजारची फांदी तिला जोडली जाते, आणि थोड्या वेळात अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. ही सारी खटपट जोडीदाराला बोलावण्यासाठी. गाडीचे दिवे लागले की ती बोलावणीच कोलमडतात. म्हणून गाडी लांब लावून पायी जायचं, टॉर्च खिशातच ठेवायचा. शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते तेव्हा झाडाखाली उभं राहूनही काजवे दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचं आयुष्य मुळातच थोड्या दिवसांचं.

पावसाळा घाटघरचा. नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही; कोकणकड्यावर धुकं बसलं की समोरचा माणूस दिसत नाही. वयस्कर मंडळी सोबत असतील तर मी रतनवाडीला थांबते. तिथलं अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं मंदिर चढण न चढता बघता येतं, आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरून पिंड पाण्याखाली जाते. दगडावरची नक्षी ओली असताना जास्त उठून दिसते. सांदण दरीत मात्र या दिवसांत पाऊल टाकायचं नाही. वरच्या पठारावरचं पाणी त्याच घळीतून कोकणाकडे कोसळतं.

नवरात्रात कळसूबाईला यात्रा असते. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या. भातं पिवळी पडायला लागलेली असतात, हवा धुतलेली. गर्दी टाळायची तर यात्रा उरकल्यावरचा आठवडा धरायचा.

सांदण डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवते. साम्रदहून वाटाड्या घ्यायचाच. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधे काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि वाटेत गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं गारठलेलं पाणी. बुटांचा दुसरा जोड लागतो.

आणि जेवण. साम्रद-रतनवाडीत ऑर्डर आदल्या दिवशी द्यायची, कारण नागलीची भाकरी चुलीवर, आपल्या हिशेबाने थापली जाते. पलीकडून विचारतात, ‘ताटं किती?’ तो आकडा नक्की सांगायचा आणि तेवढ्याच माणसांनी जायचं. फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधे, जाणाऱ्या एका कुटुंबाची चार ताटंही त्या घराला हवी असतात.