ठराव गावाचा, निकाल जिल्हाधिकाऱ्यांचा

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेत ‘अमक्याला यापुढे निवडणूक लढवू द्यायची नाही’ असा ठराव एकमताने झाला, तरी कायद्यापुढे त्याला किंमत नाही. अपात्रतेची कारणे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 मध्ये आहेत. त्याबाहेरचे कारण ग्रामपंचायतीला जोडता येत नाही. सदस्य अपात्र ठरला का, याचा निर्णय कलम 16 नुसार पुण्याचे जिल्हाधिकारी देतात. शिरूर आणि दौंड नगरपरिषदांना 1965 चा वेगळा कायदा लागू होतो.

गावात अनेकदा वाद होतात ते दोन कारणांवरून. पहिले, 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेले तिसरे अपत्य. दुसरे, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण. ते सासऱ्याने केले असेल आणि सदस्य सून त्याच घरात राहत असेल तर? जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले की अतिक्रमणाचा लाभ घेणारा कुटुंबीयही अपात्र ठरतो. सर्वांत जास्त झळ यामुळे गायरानावर घरे असलेल्या गरीब कुटुंबांतील महिला सदस्यांना बसू शकते, म्हणून पुराव्यांची तपासणी काटेकोरच हवी.

अपात्रता आणि अविश्वास ठराव यांची गल्लत करू नये. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा ठराव सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी मंजूर केला, तरी त्यावर ग्रामसभेचे गुप्त मतदान लागते. त्यातही ठराव मंजूर झाला तर पद जाते. पुढच्या निवडणुकीत उभे राहण्याचा हक्क मात्र तेवढ्याने जात नाही.